लायक कृष्णवर्णीय विद्यार्थीच मिळत नाहीत म्हणणाऱ्यांना पुरून उरलेला माणूस : डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस

१८९० सालची गोष्ट आहे.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रदरफोर्ड हेस बाल्टिमोर शहरात एका कार्यक्रमात बोलत होते. त्यांच्याकडे तेव्हा स्लेटर फंड नावाच्या एका मोठ्या निधीची जबाबदारी होती. गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय समाजाच्या शिक्षणासाठी हा निधी उभा केला होता. हेस यांच्या बोलण्याचा मतितार्थ असा होता की, एखादा हुशार कृष्णवर्णीय तरुण मिळाला तर आम्ही त्याला उच्च शिक्षणासाठी युरोपला पाठवायला तयार आहोत, पण आजवर तसा लायक माणूस काही आम्हाला सापडलेला नाही. त्यांच्या मते या समाजातले लोक फार तर चांगलं भाषण करू शकत होते.

ही बातमी पेपरात छापून आली आणि हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या एका २२ वर्षांच्या पोराने ती वाचली.

त्याने थेट हेस यांना पत्र लिहून अर्ज केला. उत्तर आलं की, ती योजना आता बंद झाली आहे. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. या पठ्ठ्याने माजी राष्ट्राध्यक्षांना खरमरीत पत्र लिहिलं. मदत न मिळाल्याचं त्याला दुःख नव्हतं. आमच्यात लायक माणसं नाहीत असं भर सभेत सांगून तुम्ही अख्ख्या समाजाचं नुकसान केलं, आता त्याची भरपाई कशी करणार, असा त्याचा सवाल होता. सोबत त्याने आपल्या प्राध्यापकांची शिफारसपत्रंही जोडायला लावली.

दोन वर्षं पाठपुरावा केल्यावर १८९२ मध्ये फंडाने ७५० डॉलर मंजूर केले. त्यातले अर्धे बक्षीस म्हणून आणि अर्धे कर्जाऊ.

त्या पोराचं नाव विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यू बॉइस. पुढे जाऊन हाच माणूस हार्वर्डची पीएचडी मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन ठरला. अमेरिकेतल्या समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांमध्ये आज त्यांचं नाव घेतलं जातं. आणि तरीही ९५ वर्षांच्या आयुष्यात अमेरिकेतल्या एकाही गोऱ्या विद्यापीठाने त्यांना कधी प्राध्यापकाची खुर्ची दिली नाही.

नेमकं काय घडलं होतं? सुरुवातीपासून बघूया.

एका व्हिजिटिंग कार्डाची गोष्ट

ड्यू बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ चा. गाव मॅसॅच्युसेट्स राज्यातलं ग्रेट बॅरिंग्टन. अमेरिकेतली गुलामी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती.

इकडे महाराष्ट्रात १८७३ साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा विल्यम पाच वर्षांचा होता.

वडील तो लहान असतानाच घर सोडून गेले. आई मेरी लोकांच्या घरची कामं करायची. पुढे तिला अर्धांगवायूचा झटका आला, तरी पोराचं शिक्षण तिने थांबू दिलं नाही. गावात कृष्णवर्णीय कुटुंबं मूठभर, त्यामुळे विल्यम गोऱ्या मुलांसोबतच शिकला आणि खेळला. एकदा शाळेतल्या मुलामुलींनी गंमत म्हणून एकमेकांना व्हिजिटिंग कार्डं द्यायचा खेळ सुरू केला. गावात नव्यानेच आलेल्या एका मुलीने विल्यमचं कार्ड घ्यायला साफ नकार दिला. आपण इतरांसारखे असूनही इतरांना वेगळे दिसतो, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. हा प्रसंग तो आयुष्यभर विसरला नाही.

मुख्याध्यापकांनी त्याची हुशारी हेरली आणि कॉलेजला जाण्यासाठी लागणारे विषय घ्यायला लावले. १८८४ मध्ये तो शाळेतून उत्तीर्ण झाला. पुढच्याच वर्षी आई गेली. गावातल्या चर्चमधून वर्गणी गोळा झाली आणि १७ वर्षांचा विल्यम टेनेसी राज्यातल्या फिस्क विद्यापीठात पोहोचला. हे कृष्णवर्णीयांसाठीचं विद्यापीठ होतं.

दक्षिणेकडच्या राज्यांमधला उघड वर्णद्वेष त्याने इथे पहिल्यांदा पाहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो खेड्यापाड्यांत शिकवायला जायचा. शाळा म्हणजे लाकडी ओंडक्यांची खोली. तिथली मुलं आणि त्यांचे शेतात राबणारे, कर्जात बुडालेले आईबाप त्याने जवळून पाहिले.

हार्वर्डमध्ये घेतलं, पण आपलं मानलं नाही

फिस्कची पदवी हातात असूनही हार्वर्डने ती मान्य केली नाही. १८८८ मध्ये त्यांना थेट तिसऱ्या वर्षाला बसवलं आणि दुसऱ्यांदा बी. ए. करायला लावलं. ड्यू बॉइस यांनी तेही केलं आणि १८९० मध्ये गौरवासह पदवी घेतली. पदवीदान समारंभात भाषण करण्यासाठी निवडलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत ते होते.

पण वसतिगृहात न राहता ते एका कृष्णवर्णीय कुटुंबाकडे भाड्याच्या खोलीत राहत. विद्यापीठाच्या गायकवृंदात जायचा त्यांनी प्रयत्न केला, तिथेही त्यांना घेतलं नाही. विल्यम जेम्स यांच्यासारखे काही प्राध्यापक मात्र त्यांना घरी बोलावत, त्यांच्याशी बरोबरीने चर्चा करत.

स्लेटर फंडाच्या पैशांवर ते बर्लिनला गेले. तिथे गुस्ताव श्मोलर यांच्याकडे ते अर्थशास्त्र शिकले. आधी आकडे गोळा करा, माणसांमध्ये जाऊन पाहा आणि मगच निष्कर्ष काढा, ही शिस्त त्यांना तिथे लागली. युरोपात लोक आपल्याला आधी माणूस म्हणून बघतात, याचंच त्यांना नवल वाटायचं. २५ व्या वाढदिवसाच्या रात्री त्यांनी खोलीत मेणबत्त्या लावल्या आणि वहीत लिहून ठेवलं की, विज्ञानात आणि साहित्यात नाव कमवायचं आणि त्यातून आपल्या समाजाला वर आणायचं.

बर्लिनची डॉक्टरेट मिळायला आणखी थोडा काळ राहणं गरजेचं होतं. फंडाने मुदत वाढवून दिली नाही, त्यामुळे १८९४ मध्ये ते परत आले. पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, हार्वर्डने त्यांना पीएचडी दिली. आफ्रिकेतून होणारा गुलामांचा व्यापार अमेरिकेत कसा बंद पाडला गेला, हा प्रबंधाचा विषय होता. हार्वर्डने इतिहासाच्या ग्रंथांची नवी मालिका सुरू केली, तेव्हा तिचा पहिला खंड म्हणून हाच प्रबंध छापला.

अडीच हजार घरांची दारं ठोठावली

हार्वर्ड आणि बर्लिनमध्ये शिकलेल्या या माणसाला नोकरी मिळाली ती ओहायोमधल्या विल्बरफोर्स या लहानशा कृष्णवर्णीय विद्यापीठात. शिकवायला लॅटिन आणि ग्रीक. समाजशास्त्र शिकवू द्या म्हणाले, तर परवानगी नाही.

१८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने बोलावलं. फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. शहरातल्या भल्या लोकांची समजूत अशी की, तिथली गुन्हेगारी आणि गरिबी त्या लोकांच्या रक्तातच आहे. त्याचा अभ्यास करायचा होता.

विद्यापीठाने ड्यू बॉइस यांना समाजशास्त्रातले सहायक असं पद दिलं, पण वर्ग शिकवायला दिले नाहीत, बसायला ऑफिस दिलं नाही आणि अध्यापकांच्या यादीत नावही छापलं नाही.

ड्यू बॉइस यांचं नुकतंच नीना गोमर यांच्याशी लग्न झालं होतं. दोघं त्याच वस्तीत एका खोलीत राहायला गेले. मग ड्यू बॉइस रोज बाहेर पडायचे आणि दार ठोठावायचे. घरात माणसं किती, कमावतं कोण, भाडं किती, शिकलंय कोण, काम का सुटलं, असे प्रश्न विचारायचे. जवळपास अडीच हजार कुटुंबांना ते स्वतः भेटले. वस्तीतल्या लोकांनाही सुरुवातीला हा सुटाबुटातला माणूस खटकायचा. आपल्याला कुणी प्रयोगातल्या किड्यासारखं तपासावं, हे त्यांना आवडत नव्हतं.

१८९९ मध्ये या कामाचं पुस्तक आलं, 'द फिलाडेल्फिया निग्रो'. त्यात नकाशे होते, तक्ते होते, आकडे होते. निष्कर्ष सरळ होता. शिकलेल्या कृष्णवर्णीयालाही हमालीशिवाय काम मिळत नाही, त्याच खोलीचं भाडं त्याला जास्त द्यावं लागतं आणि त्याच्यामागे पिढ्यान्पिढ्यांच्या गुलामीचा इतिहास आहे. वस्तीच्या दुखण्याचं कारण या परिस्थितीत आहे, त्यांच्या वंशात नाही. अमेरिकेत शहरी समाजाचा इतका तपशीलवार आणि आकडेवारीवर उभा असलेला अभ्यास त्याआधी क्वचितच झाला होता.

काम संपलं आणि विद्यापीठाचा संबंधही संपला.

फक्त संशोधन पुरेसं नाही, हे कळलं तो दिवस

१८९७ मध्ये ते अटलांटा विद्यापीठात गेले. हेही कृष्णवर्णीयांचंच विद्यापीठ. पैशांची कायम चणचण, तरी दरवर्षी एक विषय घेऊन कृष्णवर्णीय समाजाचा अभ्यास करायचा आणि अहवाल छापायचा, असा धडाका त्यांनी लावला. सत्य पुराव्यानिशी समोर ठेवलं की लोकांचे गैरसमज दूर होतील, यावर त्यांचा तेव्हा ठाम विश्वास होता.

१८९९ च्या एप्रिलमध्ये त्याला तडा गेला. अटलांटाजवळ सॅम होज नावाच्या कृष्णवर्णीय मजुरावर शेतमालकाच्या खुनाचा आरोप झाला. खटला चाललाच नाही. हजारोंच्या जमावाने त्याला हाल करून जाळलं. या प्रकरणात शांतपणे वस्तुस्थिती मांडणारं पत्र घेऊन ड्यू बॉइस एका वर्तमानपत्राच्या ऑफिसकडे निघाले होते. वाटेत त्यांना कळलं की, सॅम होजच्या बोटांची हाडं त्याच रस्त्यावरच्या किराणा दुकानात लोकांना बघायला मांडून ठेवली आहेत. ते तिथूनच माघारी फिरले.

माणसं अशी मारली जात असताना शास्त्रज्ञाने थंड डोक्याने नुसते तक्ते मांडत बसणं त्यांना अशक्य वाटू लागलं.

त्यानंतर महिन्याभरातच त्यांचा दीड वर्षांचा मुलगा बर्गहार्ट घटसर्पाने गेला. वर्णभेदाने दुभंगलेल्या त्या शहरात कृष्णवर्णीयांसाठी डॉक्टर मिळणंच मुश्किल होतं. या दुःखातून नीना पुढे कधीच पूर्ण सावरल्या नाहीत.

पॅरिसमध्ये सुवर्णपदक

१९०० मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. त्यात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा एक विभाग होता. त्यासाठी ड्यू बॉइस आणि अटलांटातल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाताने रंगवलेले सुमारे ६० तक्ते तयार केले. साक्षरता किती वाढली, जमीन किती लोकांकडे आली, कोण कुठला व्यवसाय करतं, हे सगळं चटक रंगांच्या पट्ट्यांमध्ये आणि वळणांमध्ये दाखवलं होतं. सोबत शेकडो फोटो होते. त्यातले लोक नीटनेटक्या कपड्यांतले, घरदार असलेले, दुकान चालवणारे. वर्तमानपत्रांमधल्या विद्रूप व्यंगचित्रांना त्यांनी असं उत्तर दिलं.

हाताशी पैसे इतके कमी होते की ड्यू बॉइस बोटीच्या सगळ्यात स्वस्त वर्गातून पॅरिसला गेले. प्रदर्शनात या कामाला सुवर्णपदक मिळालं. आजकाल ज्याला आपण डेटा व्हिज्युअलायझेशन म्हणतो, त्याच्या इतिहासात हे तक्ते आवर्जून दाखवले जातात.

१९०३ मध्ये त्यांचं सर्वात गाजलेलं पुस्तक आलं, 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक'. त्यात त्यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यावर उघड टीका केली. वॉशिंग्टन स्वतः गुलामीत जन्मलेले आणि त्या काळातले सर्वात वजनदार कृष्णवर्णीय नेते. आधी हातातलं कौशल्य आणि पैसा कमवा, राजकीय हक्कांचं नंतर बघू, असं त्यांचं धोरण होतं. ड्यू बॉइस यांचं म्हणणं होतं की मतदानाचा हक्क, समान वागणूक आणि उच्च शिक्षण यातलं काहीच थांबू शकत नाही. शिक्षक घडवणारी विद्यापीठंच नसतील, तर कौशल्याच्या शाळांना तरी शिक्षक कुठून येणार?

या भूमिकेची किंमत मोजावी लागली. वॉशिंग्टन यांच्या शब्दावर पैसे देणारे अनेक श्रीमंत देणगीदार ड्यू बॉइस यांच्यामुळे अटलांटा विद्यापीठाला मदत करायला कचरू लागले. शेवटी १९१० मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडलं आणि ते न्यूयॉर्कला आले. आदल्या वर्षी स्थापन झालेल्या एनएएसीपी या संघटनेच्या संस्थापकांमध्ये ते होतेच. तिचं 'द क्रायसिस' हे मासिक त्यांनी सुरू केलं आणि २४ वर्षं चालवलं. १९१९ पर्यंत त्याचा खप लाखाच्या घरात गेला होता.

इतिहासकारांच्या गढीला धक्का

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर दक्षिणेत काही वर्षं कृष्णवर्णीयांना मतदान करता आलं, निवडून येता आलं. त्या काळातले मोठे इतिहासकार या कालखंडाला भ्रष्टाचाराचा आणि गोंधळाचा काळ म्हणत. अडाणी लोकांच्या हातात सत्ता दिल्यावर दुसरं काय होणार, असा त्यांचा सूर असे.

१९०९ च्या डिसेंबरमध्ये ड्यू बॉइस यांनी इतिहासकारांच्या राष्ट्रीय परिषदेत याविरुद्ध निबंध वाचला. याच लोकप्रतिनिधींनी दक्षिणेत सरकारी शाळा आणल्या, हे त्यांनी दाखवून दिलं. निबंध नामांकित नियतकालिकात छापून आला. ड्यू बॉइस यांनी एक विनंती केली होती. इंग्रजीत विशेषनाम मोठ्या अक्षराने सुरू होतं, तेव्हा निग्रो हा शब्दही मोठ्या अक्षराने छापा. संपादकांनी ती मान्य केली नाही.

२५ वर्षांनी, १९३५ मध्ये, याच विषयावर त्यांचा सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ आला, 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका'. इतिहासकारांच्या त्याच नियतकालिकाने त्याचं परीक्षणही छापलं नाही. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीनंतरच्या पिढीने या कालखंडाचा इतिहास नव्याने लिहायला घेतला, तेव्हा मात्र सगळ्यांना याच ग्रंथाकडे यावं लागलं.

बाबासाहेबांचं पत्र

ड्यू बॉइस यांचा भारताशी जुना संबंध. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत राहिलेले लाला लजपत राय त्यांचे मित्र झाले. त्यांच्या 'डार्क प्रिन्सेस' या १९२८ च्या कादंबरीची नायिका एक भारतीय राजकन्या आहे. १९२९ मध्ये महात्मा गांधींनी 'द क्रायसिस'साठी संदेश पाठवला होता.

पण मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी गोष्ट १९४६ च्या जुलैमधली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास केला आहे आणि त्यांची स्थिती भारतातल्या अस्पृश्यांच्या स्थितीशी मिळतीजुळती आहे, असं त्यांनी कळवलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं. अस्पृश्यांच्या वतीने तसंच काही करायचा त्यांचा विचार होता, म्हणून त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागवल्या.

महिना संपायच्या आत ड्यू बॉइस यांचं उत्तर आलं. बाबासाहेबांचं नाव आपल्याला माहीत आहे आणि भारतातल्या अस्पृश्यांबद्दल आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे, असं त्यांनी कळवलं आणि मदतीची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी स्वतः ड्यू बॉइस यांच्या संपादनाखाली आणखी सविस्तर निवेदन संयुक्त राष्ट्रांपुढे गेलं.

हातात बेड्या

ड्यू बॉइस यांच्या चुकाही झाल्या. समाजातल्या निवडक शिकलेल्या लोकांनीच बाकीच्यांना वर ओढावं, हा त्यांचा सुरुवातीचा विचार वरून खाली बघणारा आहे अशी टीका झाली आणि पुढे त्यांनी स्वतःच तो बदलला. स्टालिनची त्यांनी केलेली स्तुती त्यांच्या चाहत्यांनाही आज अडचणीची वाटते.

१९४४ मध्ये, दुसऱ्यांदा अटलांटा विद्यापीठात शिकवत असताना, त्यांना अचानक निवृत्त केलं गेलं. १९५१ मध्ये शीतयुद्धाच्या भीतीच्या वातावरणात सरकारने त्यांच्यावर खटला भरला. अण्वस्त्रांविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या त्यांच्या संस्थेने परक्या देशाचे हस्तक म्हणून नोंदणी केली नाही, असा आरोप होता. या वयोवृद्ध विद्वानाला बेड्या घातल्या गेल्या. अल्बर्ट आइन्स्टाइन त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला तयार होते. पण ती वेळच आली नाही, सरकारी पक्षाकडे पुरावाच नसल्याने न्यायाधीशांनी त्यांना निर्दोष सोडलं.

तरीही त्यांना १९५८ पर्यंत पासपोर्ट मिळाला नाही. १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला, त्या सोहळ्याचं आमंत्रण असूनही त्यांना जाता आलं नाही.

१९६१ मध्ये घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी त्यांना बोलावून घेतलं. आफ्रिकेचा ज्ञानकोश तयार करायचं जे स्वप्न ड्यू बॉइस यांनी १९०९ पासून बाळगलं होतं, ते पूर्ण करायला वयाच्या ९३ व्या वर्षी ते आक्राला गेले. अमेरिकेने पासपोर्टचं नूतनीकरण नाकारल्यावर त्यांनी घानाचं नागरिकत्व घेतलं.

२७ ऑगस्ट १९६३ रोजी आक्रामध्ये त्यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये अडीच लाख लोक नागरी हक्कांसाठी जमले होते. मार्टिन ल्यूथर किंग यांचं जगप्रसिद्ध भाषण झालं तो हाच दिवस. त्या व्यासपीठावरून ड्यू बॉइस गेल्याची बातमी सांगितली गेली आणि तो प्रचंड जनसमुदाय स्तब्ध झाला.

त्यांच्यामागून आलेले

हार्वर्डची पीएचडी मिळवणारे दुसरे कृष्णवर्णीय होते कार्टर वुडसन, गुलामीत जन्मलेल्या आईबापांचा मुलगा. वर्ष १९१२. पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये १७ वर्षं गेली. याच वुडसन यांनी १९२६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला. आज फेब्रुवारीत साजरा होणारा ब्लॅक हिस्टरी मंथ त्यातूनच आला.

अर्धवट राहिलेल्या ज्ञानकोशाची प्रेरणा घेऊन १९९९ मध्ये 'आफ्रिकाना' हा कोश निघाला. तो संपादित करणारे हेन्री लुई गेट्स आणि क्वामे अँथनी अपिया हे दोघेही तेव्हा हार्वर्डमध्ये प्राध्यापक होते. हार्वर्डमध्ये आता ड्यू बॉइस यांच्या नावाची संशोधन संस्था आहे. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांच्या संघटनेचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

आणि २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ड्यू बॉइस यांना मरणोत्तर सन्माननीय प्राध्यापक म्हणून जाहीर केलं. अध्यापकांच्या यादीत ज्यांचं नाव छापायचं टाळलं होतं, त्यांना त्याच विद्यापीठाने प्राध्यापक म्हणायला ११६ वर्षं लागली.